गिअर बदलला तरी खेळणं पुन्हा बंद पडतंय? सुटा भाग मोजून शोधा

बटण दाबलं की मोटर घरघरते, पण चाकं जागची हलत नाहीत. गाडी उघडली की मोटरच्या शाफ्टवरचा आठ दात्यांचा पांढरा गिअर उभा चिरलेला दिसतो. तो बदलला की गाडी पळायला लागते आणि काही आठवड्यांत पुन्हा तोच आवाज, तीच चीर. बॅटरीवरच्या गाड्या, बुडबुड्यांची पिस्तुलं, चालणारे कुत्रे, रुळांवरच्या आगगाड्या या सगळ्यांत ही तक्रार सर्रास आढळते. चावीच्या आणि पुल बॅक (मागे ओढून सोडली की पळणाऱ्या) खेळण्यांच्या तक्रारी थोड्या वेगळ्या असतात, त्यांच्याकडे नंतर वळू.

अडचण दोन ठिकाणी असते. पहिली, दुकानात जाऊन "या गाडीचा गिअर द्या" म्हटलं तर तो मिळत नाही. खेळण्याच्या नावाने सुटे भाग फारसं कोणी ठेवत नाही. दुसरी, डोळ्यांनी सारखा दिसणारा गिअर मिळाला तरी भोक किंवा दात्याचं माप जराशा फरकाने चुकतं आणि तो टिकत नाही. दोन्हींवर इलाज एकच: भाग मोजायचा आणि मापाने मागायचा. एकदा मापं हातात आली की तो त्या खेळण्याचा भाग राहत नाही, बाजारात पिशवीभर मिळणारा साधा गिअर होतो.

आधी खरंच गिअर गेलाय का ते पाहा

मोटर फिरते आणि चाक फिरत नाही, एवढ्यावरून पिनियन चिरली असं ठरवू नका. मोटरवरच्या छोट्या गिअरला पिनियन म्हणतात, पुढे तोच शब्द वापरला आहे. पिनियनच्या तोंडावर आणि शाफ्टच्या टोकावर बारीक मार्करने एकच सरळ रेघ ओढा. मोटर दोन सेकंद चालवून थांबवा. रेघ तुटून दोन तुकडे वेगवेगळ्या दिशांना गेले असतील, तर पिनियन शाफ्टवर घसरते आहे, म्हणजे चिरली किंवा सैल झाली. रेघ सलग असेल तर दोष पुढे आहे: कुठल्या तरी जोडगिअरचे (एकाला एक जोडलेल्या मोठ्या-छोट्या गिअरचे) दाते झिजलेत, एखादा गिअर एक्सलवर फिरतोय, किंवा गिअरची डबी उघडली गेल्याने दाते एकमेकांपासून लांब गेलेत.

चिरलेली पिनियन कधी कधी घसरत नाही, पण प्रत्येक फेऱ्याला एकदा "टक्" करते. चीर पडली की त्या जागचे दोन दाते एकमेकांपासून लांब जातात आणि समोरच्या गिअरचा दाता त्या फटीत नीट बसत नाही. हा आवाज ऐकून पुष्कळ जण मोटरच बदलतात. मोटर बिचारी ठणठणीत असते.

एक अपवाद लक्षात ठेवा. काही रिमोटच्या गाड्यांच्या स्टिअरिंगमध्ये आणि काही रोबोंच्या पायांत मुद्दाम क्लच ठेवलेला असतो: दोन दातेरी चकत्या आणि त्यांना दाबणारी स्प्रिंग. चाक अडलं की तो कटकट करतो आणि बाकीचे गिअर वाचवतो. तो आवाज म्हणजे बिघाड नाही. क्लच फेव्हिक्विकने चिकटवून "दुरुस्त" केलेली खेळणी दुसऱ्यांदा उघडावी लागतात, तेव्हा आत दात्यांचा भुगा झालेला असतो.

आठ दात्यांचीच पिनियन का चिरते

इथे थोडं गणित आहे आणि ते समजलं की अर्धा प्रश्न सुटतो. खेळण्यांतले बहुतेक गिअर ०.५ मोड्यूलचे असतात. मोड्यूल म्हणजे दात्याच्या आकाराचं माप. दाते अधिक २, गुणिले मोड्यूल, म्हणजे गिअरचा बाहेरचा व्यास. आठ दात्यांच्या पिनियनचा बाहेरचा व्यास म्हणून ५ मिमी होतो. दात्यांच्या मुळाशी व्यास किती? दाते वजा २.५, गुणिले मोड्यूल. म्हणजे ५.५ गुणिले ०.५, फक्त २.७५ मिमी. मध्ये २ मिमीचं भोक. दोन दात्यांमधल्या खाचेत प्लॅस्टिकची भिंत उरली अवघी ०.३७ मिमी. सगळा ताण त्या भिंतीवर येतो आणि चीर नेहमी खाचेतूनच जाते. दहा दात्यांच्या पिनियनमध्ये हीच भिंत ०.८७ मिमी असते, म्हणून ती क्वचितच चिरते.

आता त्या पातळ भिंतीला भोकाच्या मापाने काय होतं ते बघा. पिनियन शाफ्टवर दाबून बसवलेली असते, भोक शाफ्टपेक्षा किंचित लहान ठेवून. भोक १.९५ आणि शाफ्ट २.०० असेल तर प्लॅस्टिक साधारण अडीच टक्के ताणलं जातं. चांगलं असिटल (या गिअरचं पांढरं, गुळगुळीत प्लॅस्टिक) हे सहन करतं. पण शाफ्टवर पकडीसाठी उभ्या रेघा पाडलेल्या असतील आणि त्यांच्यावरून मोजलेला व्यास २.०५ भरत असेल, शिवाय भोक १.९० असेल, तर ताण आठ टक्क्यांच्या जवळ जातो. बसवताना काही होत नाही, गाडीही पळते. प्लॅस्टिक मात्र त्या ताणाखाली सतत असतं, गाडी कपाटात बंद असली तरी. म्हणूनच न वापरता ठेवलेलं खेळणंही सहा महिन्यांनी काढलं तर चिरलेलं निघतं, आणि घरात "कोणी आपटलं?" अशी विनाकारण चौकशी होते.

तेव्हा नवी पिनियन बसवण्याआधी शाफ्ट मोजा. रेघा असतील तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने त्यांची टोकं उतरवा आणि शाफ्टच्या तोंडाची धार गोल करा. घासताना मोटर उलटी धरा, पिनियनची बाजू खाली, म्हणजे लोखंडाची पूड मोटरमध्ये जाणार नाही. आत चुंबक असतं, गेलेली पूड पुन्हा निघत नाही.

मोजायचं कसं

साधा डिजिटल व्हर्नियर पुरतो. पाच गोष्टी कागदावर उतरवा: दात्यांची संख्या, बाहेरचा व्यास, भोकाचा व्यास, गिअरची जाडी, आणि तो शाफ्टवर घट्ट बसतो की मोकळा फिरतो.

दाते मोजताना एका दात्यावर मार्करची खूण करा. तुटलेले दाते धरूनच मोजायचं, रिकामी जागा असली तरी. अर्धा गिअर हरवला असेल तर उरलेल्या तुकड्यावर चौथाई वर्तुळात किती दाते येतात ते पाहून चौपट करा, आणि खाली दिलेल्या अंतराच्या हिशोबाने पडताळा.

मोड्यूल काढायला शक्यतो मोठा गिअर मोजा, छोटी पिनियन नको. छोट्या पिनियनचे दाते मजबुतीसाठी कधी कधी जरा उंच कापलेले असतात, मग आठ दात्यांचा व्यास ५ ऐवजी ५.२ किंवा ५.३ भरतो आणि हिशोब चुकतो. शिवाय विषम दात्यांच्या गिअरवर व्हर्नियर कमी माप दाखवतो, कारण एका दात्यासमोर दाता नसून खाच असते. ३० दात्यांचा गिअर १६.० मिमी भरला तर ०.५ मोड्यूल. १२.८ भरला तर ०.४. १६.९ भरला तर तो बहुधा इंचाच्या मापातला, ४८ पिचचा गिअर असतो: परदेशातून आणलेल्या रिमोट गाड्यांत हे माप दिसतं. ०.५ मोड्यूल आणि ४८ पिच शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नाही, दाते एकमेकांत जातातसुद्धा, पण फिरताना घासून एकमेकांना खातात. ६४ पिच आणि ०.४ मोड्यूल मात्र इतके जवळ आहेत की खेळण्यात एकाच्या जागी दुसरा चालून जातो.

भोक मोजायला व्हर्नियरची आतली टोकं २ मिमीवर विश्वासाची नाहीत. त्याऐवजी ड्रिलचे बिट वापरा. १.९, २.० आणि २.१ मिमीच्या बिटांची गुळगुळीत दांडी हाताने भोकात घालून पाहा. १.९ सहज जातं आणि २.० अडतं, म्हणजे घट्ट बसणारं भोक. २.० सहज जाऊन २.१ अडलं, तर मोकळं फिरणारं. जुना चिरलेला गिअर मोजून भोकाचं माप कधीच ठरवू नका, चिरल्यावर ते मोठंच दिसतं. शाफ्टवरून ठरवा.

गिअर पूर्णच हरवला असेल तर? डबीतल्या दोन शाफ्टच्या भोकांमधलं अंतर मोजा. एका भोकाच्या डाव्या काठापासून दुसऱ्याच्या डाव्या काठापर्यंत मोजलं की (भोकं सारख्या मापाची असतील तर) मध्यापासून मध्याचं अंतर मिळतं. हे अंतर म्हणजे दोन्ही गिअरच्या दात्यांची बेरीज, गुणिले मोड्यूल, भागिले २. समजा अंतर १३ मिमी आहे, मोड्यूल ०.५ आणि समोरचा गिअर १२ दात्यांचा आहे. १३ गुणिले २ भागिले ०.५, म्हणजे दात्यांची बेरीज ५२. हरवलेला गिअर ४० दात्यांचा. यावरून हेही कळतं की चिरणाऱ्या आठ दात्यांच्या जागी दणकट दहा दात्यांची पिनियन का टाकता येत नाही. प्रत्येक जादा दात्यामागे अंतर ०.२५ मिमीने वाढायला हवं आणि डबीतली मोटरची जागा तर ठरलेली असते.

वर्म, म्हणजे स्क्रूसारखा आटे असलेला गिअर, वेगळ्या पद्धतीने मोजतात. लांबी, बाहेरचा व्यास, भोक, आणि आट्यांमधलं अंतर. एकच अंतर मोजू नका, चार अंतरं मिळून मोजा. ती ६.३ मिमीच्या आसपास भरली तर ०.५ मोड्यूल, ५ मिमी भरली तर ०.४. आटे उजवे की डावे हेही लिहा. चुकीच्या दिशेचा वर्म त्या गिअरमध्ये नीट बसणारच नाही, आणि सरळ दात्यांच्या गिअरवर कसाबसा चालला तरी गाडी उलटी पळेल.

दुकानात काय मागायचं

खेळण्यांचे सुटे गिअर ऑनलाइन ५८ किंवा ७५ प्रकारांच्या पिशवीत मिळतात आणि सुटेही मिळतात. त्यांवरचा नंबर वाचता आला की निवड सोपी होते. आधी दाते, मग भोकाचा मिमी, शेवटी एक अक्षर. ८२ए म्हणजे ८ दाते, २ मिमी शाफ्ट, घट्ट बसणारा. ३०२ए म्हणजे ३० दाते, २ मिमी, घट्ट. अक्षर बी असेल तर शाफ्टवर मोकळा फिरणारा. जोडगिअरला दात्यांचे दोन आकडे येतात: २८१०२बी म्हणजे मोठा २८ दात्यांचा, त्याला जोडलेला छोटा १० दात्यांचा, २ मिमी, मोकळा. ए आणि बी मधला फरक भोकात दहाव्या भागाएवढा, ०.१ मिमीचा असतो. नवशिक्यांची सगळ्यात मोठी फसगत तिथेच होते. जोडगिअर सहसा बी लागतो, मोटरवरचा आणि चाकाच्या एक्सलवरचा ए लागतो. मिश्र पिशवीतल्या गिअरवर नंबर छापलेला नसतो, तेव्हा बिटांनी तपासून ए आणि बी आल्या आल्या वेगळे करून ठेवा.

पिशवी घेताना फोटो पाहू नका, मापांची यादी पाहा. यादीत मोड्यूल लिहिलेला नसेल तर ती पिशवी सोडून द्या.

मुंबईत मोटरी आणि पिनियनसाठी लॅमिंग्टन रोड, बारीक स्क्रू, स्प्रिंगा, ओ-रिंगांसाठी (गोल रबरी कड्यांसाठी) नागदेवी स्ट्रीट. पुण्यात मोटर, सेलचे कप्पे, वायर यांसाठी तपकीर गल्ली. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात बंद पडलेली खेळणी, टेपरेकॉर्डर, प्रिंटर स्वस्तात मिळतात आणि एका प्रिंटरमधून शाफ्ट, स्प्रिंगा, ई-क्लिप असा डबाभर माल निघतो. प्रिंटरमधले गिअर मात्र खेळण्याला जुळतीलच असं नाही, मोड्यूल तपासल्याशिवाय घरी आणू नका. दुकानदाराशी बोलताना खेळण्याची गोष्ट सांगत बसू नका. "अर्धा मोड्यूल, आठ दाते, दोन एमएम शाफ्ट, टाइट" एवढंच सांगा.

काही भाग तर गिअरच्या दुकानात शोधायचेच नसतात. २ मिमीचा एक्सल हरवला तर सायकलचा स्पोक मोजून पाहा: १४ गेजचा स्पोक २ मिमीच भरतो, सरळ असतो आणि स्टेनलेसचा असेल तर सहसा गंजत नाही. बारीक तारेची स्प्रिंग लागली तर वाद्यांच्या दुकानातून गिटारची साधी, वेटोळं नसलेली तार आणा. शून्य दशांश शून्य एक शून्य नंबरची तार ०.२५ मिमी भरते, शून्य एक सातची ०.४३ मिमी. ती कडक स्प्रिंग-पोलाद असते, तापवायची नाही, खिळ्याभोवती थंडच वळवायची. वळवून सोडल्यावर वेटोळं मोठं होतं, म्हणून हव्या त्या व्यासापेक्षा बारीक खिळा घ्या. चाकाचं घसरणारं रबर ओ-रिंगने बदलतं. आतला व्यास खाचेपेक्षा दहा टक्के लहान घ्या म्हणजे ताणून घट्ट बसते.

मोटर बदलावी लागली तर

खेळण्यांतली सर्वांत सामान्य मोटर १३० आकाराची: दोन बाजू चपट्या, त्यांच्यामधलं अंतर साधारण १५ मिमी, गोल बाजूंनी २० मिमी, डब्याची लांबी २५ मिमी, शाफ्ट २ मिमी. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या १३० मोटरींच्या आत गुंडाळी वेगवेगळी असते. काही दीड ते तीन व्होल्टच्या, काही सहा किंवा त्याहून जास्त व्होल्टच्या. दोन सेलच्या गाडीत सहा व्होल्टची मोटर घातली तर ती रडत रडत फिरेल. चार सेलच्या गाडीत तीन व्होल्टची घातली तर सुसाट पळेल, अडली की दात्यांवर दुप्पट जोर टाकेल आणि तापेल. मोटर घेताना खेळण्यात किती सेल लागतात ते सांगा.

जुनी पिनियन काढताना ती चिरलेली असेल तर नखानेही निघते. घट्ट असेल तर पिनियन आणि मोटर यांच्यामध्ये दोन बाजूंनी दोन चपटे स्क्रू ड्रायव्हर घालून सारखं उचला. एकाच बाजूने उचकटलं तर शाफ्ट वाकतो, आणि वाकलेला शाफ्ट सरळ होत नाही.

नवी बसवताना पिनियन गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवा, पुसा, लगेच दाबा. मोटरच्या मागच्या प्लॅस्टिक टोपणाच्या मध्यभागी शाफ्टचं टोक दिसतं. तिथे १.५ मिमीची पिन टेकवून तिच्या आधाराने दाबायचं, टोपणाच्या आधाराने नाही. टोपणावर जोर दिला की आतले ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या पट्ट्या) वाकतात, आणि "नवी मोटर पहिल्याच दिवशी बंद" अशी तक्रार त्यातून जन्मते. हातोडी नको. व्हाइसचा जबडा हळूहळू आवळा. पिनियन आणि मोटरचा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) यांत अर्धा मिमी जागा सोडा, नाहीतर ती घासत राहील.

फेव्हिक्विक, अराल्डाइट यांची आठवण इथे सगळ्यांना होते. पांढरे, गुळगुळीत, किंचित तुपकट लागणारे गिअर असिटलचे असतात आणि त्यांना यांपैकी काहीही धरत नाही. चिरलेली पिनियन चिकटवून तासभर चालेल, पुढे नाही. शिवाय फेव्हिक्विकचा थेंब बुशमध्ये उतरला की मोटरही गेली.

पितळी पिनियन लावून टाकू का, असा प्रश्न येतोच. चिरण्याचं कारण नुसतं घट्ट भोक असेल तर जरूर लावा, ती चिरणार नाही. दात्यांवरची कुसळं मात्र जुन्या टूथब्रशने आणि पॉलिश पेपरने काढा, नाहीतर ती समोरच्या प्लॅस्टिकला करवतीसारखी कापते. पण गाडी कुठे तरी अडून दाते तुटत असतील तर पितळ लावल्याने आजार पुढच्या जोडगिअरकडे सरकतो, आणि तो मिळणं पिनियनपेक्षा अवघड.

पुन्हा पुन्हा तुटण्याची बाकीची कारणं

एक्सलला गुंडाळलेले केस आणि धागे. चाक आणि चेसिसच्या फटीत ते दिसत नाहीत, चाक काढल्यावर कळतं. ब्लेडने एक्सलच्या दिशेने काप देऊन चिमट्याने ओढा. मोटर जोडून मल्टिमीटर मालिकेत लावला तर गिअरसह मोकळी फिरणारी १३० मोटर साधारण ०.३ ते ०.५ अँपिअर घेते. ०.८ च्या वर जात असेल तर कुठे तरी अडथळा आहे. तो काढल्याशिवाय नवा गिअर बसवणं म्हणजे तो गिअर वाया घालवणं.

दुसरं, बॅटरीची गाडी मुलं हाताने ढकलतात. चाकाच्या एका फेऱ्यात मोटर कित्येक फेरे फिरावी लागते, सगळा जोर उलट दिशेने दात्यांवर येतो. वर्म असलेल्या गाडीत तर चाक मागून फिरतच नाही, दाते सरळ सोलले जातात. यावर सुटा भाग नाही, मुलाला सांगणं हाच उपाय, आणि तो किती चालतो हे पालकांना ठाऊक आहे.

तिसरं, गिअरची डबी. स्क्रूची भोकं झिजून डबीचे दोन अर्धे अर्धा मिमी उघडले तरी दाते टोकाटोकाने लागतात आणि घसरतात. डबी बोटांनी दाबून धरल्यावर गाडी चालली आणि सोडल्यावर घसरली, तर दोष हाच. २ मिमीचा स्क्रू फिरत राहत असेल तर त्याच लांबीचा २.३ किंवा २.६ मिमीचा प्लॅस्टिकमध्ये जाणारा स्क्रू लावा. लांबी वाढवू नका, टोक गिअरमध्ये शिरेल. तिकोनी डोक्याच्या स्क्रूंसाठी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातला बिट-संच कामी येतो.

चौथं, तेल. शिलाई मशीनचं तेल किंवा गंज काढायचा स्प्रे मारला की दोन दिवस गाडी मऊ चालते, मग धूळ चिकटून दात्यांवर काळा लेप बसतो. एबीएस आणि पॉलिस्टायरिनच्या डब्यांना काही स्प्रेमधल्या द्रावकाने बारीक भेगाही पडतात. सिलिकॉन ग्रीस, आगपेटीच्या काडीच्या टोकावर मावेल इतकं, प्रत्येक गिअरला पुरे. मोटरच्या ब्रशकडे जाऊ देऊ नका.

चावीची आणि पुल बॅक खेळणी

उघडण्याआधी स्प्रिंग सोडा. चावी घट्ट धरून खटका (चावी उलटी फिरू न देणारा) उचला आणि चावी हातातच हळूहळू उलटी फिरू द्या. भरलेली स्प्रिंग डबी उघडताच बाहेर उसळते आणि बोट कापते. उघडी, डबीशिवायची स्प्रिंग असेल तर काढण्याआधी तिच्याभोवती तारेचा वेढा घाला. पुल बॅक गाडीत भरलेला जोर चाक हवेत फिरू दिल्याने निघून जातो.

लक्षणावरून भाग ओळखता येतो. चावी कितीही फिरवली तरी "कट्" असा आवाज होऊन सैल पडते: स्प्रिंगचं आतलं टोक शाफ्टवरच्या आकड्यातून सुटलं किंवा तुटलं. चावी भरते, पण सोडली की लगेच उलटी फिरते: खटका किंवा त्याची बारीक स्प्रिंग गेली. चावी भरते आणि खेळणं दोन सेकंदांत किंचाळत संपतं: वेग रोखणारा, डुलणारा छोटा पत्रा जागेवरून सुटला किंवा हरवला. शेवटचं फार वेळा घडतं. तो पत्रा अगदी लहान असतो आणि उघडताना उडतो. म्हणून उघडण्याचं काम पांढऱ्या परातीत करा.

आतलं टोक तुटलं असेल तर नवी स्प्रिंग शोधण्याची गरज नाही. शेवटचा १० ते १५ मिमीचा भाग मेणबत्तीने नाही, छोट्या गॅस टॉर्चने लाल करा आणि हवेत सावकाश निवू द्या. बाकीची वेटोळी ओल्या फडक्यात गुंडाळा, ती तापली तर स्प्रिंगचा जोर गेला. मऊ झालेल्या टोकाला भोक पाडून किंवा आकडा वळवून गोल नाकाच्या पक्कडीने शाफ्टच्या व्यासाला घट्ट बसेल असं वेटोळं द्या. पहिलं वेटोळं शाफ्टला चिकटून असायलाच हवं, नाहीतर आकडा पुन्हा निसटतो. एखाद-दुसरं वेटोळं कमी झाल्याने खेळणं जरा कमी वेळ चालेल इतकंच.

स्प्रिंग मध्येच तुटली असेल तर नवी लागते. घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांकडे जुन्या गजराच्या घड्याळांतल्या स्प्रिंगा असतात. रुंदी, जाडी आणि लांबी न्या. रुंदी थोडी कमी चालते. जाडीबाबत मात्र तडजोड करू नका, कारण स्प्रिंगचा जोर जाडीच्या घनाने वाढतो: १० टक्के जाड स्प्रिंग म्हणजे ३३ टक्के जास्त जोर. तो खटक्याला आणि पत्र्याच्या दात्यांना झेपत नाही. ०.२५ च्या जागी ०.३० मिमी घातली तर जोर पावणेदोन पट होतो. जाडी व्हर्नियरने नाही, मायक्रोमीटरने मोजा. बहुतेक घड्याळवाल्यांकडे तो असतो.

पुल बॅकची सीलबंद डबी उघडून आतला भाग बदलण्यात फारसा अर्थ नाही. पूर्ण डबीच मिळते. एक्सलची लांबी आणि व्यास, डबीची लांबी-रुंदी-उंची, स्क्रूच्या कानांमधलं अंतर, आणि एक्सल डबीच्या मध्यावर आहे की टोकाला, एवढं पाहून घ्या. एक्सल लांब असेल तर कापता येतो, आखूड असेल तर काही करता येत नाही.

पत्र्याच्या जुन्या खेळण्यांचे कान, म्हणजे खाचेतून घालून वळवलेले पत्र्याचे जीभ, दोन-तीनदा वळवले की तुटतात. फक्त खाचेतून सुटेल इतकेच सरळ करा. अशा जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा घासू नका आणि दुरुस्त झालेलं खेळणं लहान मुलाला देऊ नका, ते शोकेससाठी. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यात बदललेला कुठलाही सुटा भाग ओढून पाहा. ३१.७ मिमी व्यासाच्या नळकांड्यात जाणारा सुटा भाग त्या वयाला घशात अडकण्याइतका लहान मानला जातो, आणि इथे सांगितलेले जवळपास सगळेच भाग त्यात मावतात.

बाजारात नाहीच मिळाला तर

थ्रीडी प्रिंट करून घेऊ, हा विचार पहिल्यांदा येतो. ०.४ मिमी नोझलच्या घरगुती प्रिंटरवर १ मोड्यूलचे गिअर बरे निघतात. ०.५ मोड्यूलचा दाता त्या नोझलला फार बारीक पडतो, टोकं गोल होतात आणि गिअर घसरतो. रेझिनच्या प्रिंटरवर आकार उत्तम येतो, पण साधं रेझिन ठिसूळ असतं: पिनियनसाठी नको, हळू फिरणाऱ्या मोठ्या गिअरसाठी "टफ" प्रकारचं रेझिन चालेल. वर्कशॉपमध्ये पितळी गिअर कापून घेता येतो, फक्त ०.५ मोड्यूलचा कटर त्यांच्याकडे आहे का ते आधी विचारा. एका गिअरसाठी खर्च खेळण्यापेक्षा जास्त येतो, म्हणून आजोबांच्या आगगाडीसाठी ठीक, बुडबुड्यांच्या पिस्तुलासाठी नाही.

त्यापेक्षा तेच खेळणं बंद अवस्थेत शोधणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं. दोन बंद गाड्यांचे तुटलेले भाग वेगळे असले तर एक चालू गाडी होते. मात्र दोन्हींत पिनियनच चिरलेली असण्याची शक्यता मोठी असते, कारण कारखान्यात दोन्हींना तेच भोक आणि तोच शाफ्ट मिळालेला असतो. त्या जोडीतली पिनियन घेऊ नका, ती न चिरलेली दिसली तरी. जोडगिअर, एक्सल, डबी घ्या, आणि पिनियन नवी ८२ए लावा.

सगळं बसवल्यावर डबी बंद करण्याआधी गिअर बोटाने पूर्ण एक फेरा फिरवा. कुठेही अडता कामा नये. मग अर्ध्या संपलेल्या सेलवर पाच मिनिटं, नव्या सेलवर पाच मिनिटं, चाकं हवेत ठेवून चालवा आणि पुन्हा उघडून पाहा. पांढरा भुगा दिसला तर मोड्यूल किंवा अंतर चुकलंय. मार्करची रेघ सरकली असेल तर भोक सैल आहे. दोन्ही नसेल तर स्क्रू लावा.